पापापासून तारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी बरीच वर्षं रविवारची शाळा घेते. खालचे प्रश्न मुलांनी विचारले, त्यांच्या आईवडिलांनी विचारले, आणि आमच्या मंडळीशी काही संबंध नसलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही विचारले. ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं एका विश्वासणाऱ्या बाईची आहेत आणि ती मी मनापासून मानते. जिथे ख्रिस्ती लोकांचं आपापसात जमत नाही, तिथे तसं सांगितलं आहे.

'तारण' म्हणजे नक्की काय? बँकेच्या पाटीवर पण 'सोने तारण कर्ज' लिहिलेलं असतं.

हा प्रश्न सातवीतल्या एका मुलाचा. मला तो फार आवडला, कारण अर्धं उत्तर त्या पाटीतच आहे.

मराठीत तरणं म्हणजे पाण्यावर राहणं, पार होणं. तारणं म्हणजे दुसऱ्याला बुडू न देता पार नेणं. तारू म्हणजे होडी, आणि 'देव तारी त्याला कोण मारी' यातला 'तारी' तोच. मराठी बायबलमध्ये 'तारण' हा शब्द याच अर्थाने येतो: बुडणाऱ्याला कोणीतरी वर काढलं. पण कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूलाही आपण तारणच म्हणतो, आणि तो अर्थसुद्धा या शिकवणीला अगदी लागून आहे.

माझ्या आजीने थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी आपल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. तीन वर्षं तिचे हात रिकामे होते. पाटल्या तिच्याच होत्या, त्यांच्यावर तिच्या सासूच्या नावाचं अक्षर कोरलेलं होतं, पण त्या दुसऱ्याच्या तिजोरीत पडून होत्या. आत्याचा पहिला पगार झाला तेव्हा त्या सुटल्या. आजी कधीच 'परत विकत घेतल्या' म्हणाली नाही. 'सोडवून आणल्या' म्हणायची.

माणूस देवाचा आहे, त्याच्यावर देवाचा ठसा आहे, पण तो भलतीकडे गहाण पडला आहे. त्याला मोल देऊन सोडवणं म्हणजे तारण. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाच्या, मूळ ग्रीक भाषेत हे दोन्ही अर्थ दोन शब्दांनी येतात. 'सोझो' म्हणजे वाचवणं, आणि तोच शब्द आजारी माणसाला बरं करणं या अर्थानेही वापरला आहे. 'अपोलुत्रोसिस' म्हणजे किंमत भरून केलेली सुटका. येशू हे नावसुद्धा 'परमेश्वर तारतो' अशा अर्थाच्या हिब्रू नावावरून आलं आहे. मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पहिल्या अध्यायात देवदूत मरियेचा पती योसेफ याला ते नाव ठेवायला सांगतो आणि कारणही देतो: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील.

पण मी कुठे पाप केलंय? कोणाचा खून नाही केला, कोणाचा पैसा नाही बुडवला.

पाप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्राचं गुन्हेगारीचं पान येतं. बायबलचा शब्द त्याहून साधा आहे. ग्रीकमध्ये तो 'हामार्तिया'. या शब्दाच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे, जसा सोडलेला बाण निशाण्याला न लागता बाजूला पडावा. येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला लिहिलं की सर्वांनी पाप केलं आहे आणि सगळेच देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत. 'उणे पडणं' हे मराठी भाषांतरात फार नेमकं उतरलं आहे. माप भरलं नाही.

मग माप कुठलं? देवावर पूर्ण मनाने प्रीती करायची आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. या मापाने मी स्वतःला मोजते तेव्हा खुनाची गरजच उरत नाही. जावेच्या मुलीला चांगलं स्थळ आलं हे कळल्यावर माझ्या पोटात क्षणभर जे हललं ते पाप. म्हाताऱ्या काकूंचा फोन वाजत राहिला आणि मी 'नंतर करीन' म्हणून उलटा ठेवला, ते पाप. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाच्या गोष्टीत, जखमी माणसाला लुटणारे चोर तर दोषी आहेतच. पण गोष्ट ज्यांच्यावर बोट ठेवते ते याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) आहेत, ज्यांनी काहीही केलं नाही, फक्त रस्त्याची दुसरी बाजू धरली.

आणखी एक गोष्ट. पाप म्हणजे सुट्या चुकांची यादी एवढंच असतं तर माणसाने एकेक चूक दुरुस्त केली असती. पौल पापाविषयी ते मालक असल्यासारखं बोलतो: जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, आणि जे नको ते माझ्या हातून होतं. व्यसन लागलेल्या माणसाच्या घरी राहिलेल्या कोणालाही हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. तो सकाळी शपथ घेतो ती खरी असते, आणि संध्याकाळी पाय जिकडे वळतात तेही खरं असतं. बाकीच्या आपल्या सगळ्यांच्या मनातही अशी एखादी जागा असते. राग असेल, हाव असेल, 'लोक काय म्हणतील' याची भीती असेल. तिथे आपण आपले धनी नसतो. गहाण पडणं म्हणतात ते हेच.

लहान पाप आणि मोठं पाप सारखंच कसं?

सारखं नाही. शिवी देणं आणि जीव घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याने होणारं नुकसान वेगळं, भरपाई वेगळी. कॅथलिक शिकवणीत तर मारक पाप आणि क्षुल्लक पाप असा भेदच केलेला आहे. सारखी आहे ती गरज. नदीच्या मध्यावर बुडणारा आणि काठापासून चार हातांवर बुडणारा, पोहता दोघांनाही येत नाही.

देवाने सरळ माफ करून टाकावं ना. वधस्तंभ कशाला मध्ये?

सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा तुमच्या भाच्याने तुमची मोटरसायकल नेली आणि आदळून आणली. आठ हजारांचं काम निघालं. पोराकडे पैसे नाहीत, तो रडतोय. तुम्ही म्हणालात, 'जाऊ दे रे.' भाच्यासाठी विषय संपला. पण मोटरसायकल त्या शब्दाने दुरुस्त होत नाही. ते आठ हजार आता तुमच्या खिशातून जाणार. माफी घेणाऱ्याला फुकट असते, देणाऱ्याला कधीच नसते. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीत ज्यांच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरला त्यांना हे माहीत आहे: सातबारा कोरा झाला तो बँकेने वही फाडली म्हणून नव्हे, सरकारी तिजोरीतून ती रक्कम भरली गेली म्हणून.

पैशाचं नुकसान मोजता तरी येतं. विश्वासघात, अपमान, मारलेला हक्क यांचं नुकसान माफ करणाऱ्याला आपल्या अंगावर झेलावं लागतं. ज्या बाईने नवऱ्याचा विश्वासघात माफ केला असेल तिला विचारा, तिच्या किती रात्री गेल्या. ज्यावर येशूला मारलं तो वधस्तंभ, म्हणजे क्रूस, ही देवाच्या माफीची ती किंमत, उघड्यावर, एका टेकडीवर, सगळ्यांना दिसेल अशी.

आता ती किंमत येशूनेच का भरायची? इथे मला जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातली, एक पद्धत फार मदतीला येते, आणि शेतकऱ्यांच्या घरात ती पटकन समजते. त्यातल्या लेवीय नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे की भाऊबंद कंगाल होऊन त्याची जमीन गेली, तर त्याच्या सगळ्यांत जवळच्या नातेवाइकाने ती सोडवावी. अशा नातेवाइकाला हिब्रूत 'गोएल' म्हणतात. आपल्या भाषेत, भावकीतला सोडवणारा. रूथच्या पुस्तकात नामी नावाची विधवा सून रूथला घेऊन बेथलेहेमला परत येते. नवरा गेला, दोन मुलगे गेले, शेत हातचं गेलेलं. गावाच्या वेशीपाशी दहा वडीलधाऱ्यांसमोर बैठक बसते. जवळचा भाऊबंद आधी 'हो' म्हणतो, पण शेताबरोबर रूथचीही जबाबदारी घ्यावी लागेल हे कळताच मागे सरतो, कारण त्यात त्याच्या स्वतःच्या वतनाला धक्का लागणार असतो. तो पायातली वहाण काढून देतो, म्हणजे हक्क सोडतो. मग बवाज पुढे येतो आणि सोडवतो.

सोडवणाऱ्याकडे तीन गोष्टी लागतात: रक्ताचं नातं, ऐपत आणि तयारी. त्या पहिल्या माणसाकडे दोन होत्या, तिसरी नव्हती. बवाजाकडे तिन्ही होत्या. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की देवाकडे ऐपत होती, तयारीही होती. रक्ताचं नातं मात्र त्याला जोडावं लागलं, म्हणून तो मरियेच्या पोटी माणूस झाला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे की माणसांना 'भाऊ' म्हणायची येशूला लाज वाटत नाही. नाताळ आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) यांचा धागा इथे जुळतो. बवाज आणि रूथ हे दावीद राजाचे पणजोबा-पणजी, आणि त्याच वंशात, त्याच बेथलेहेमात येशूचा जन्म झाला.

बायबलमध्ये याची आणखीही चित्रं आहेत. न्यायालयातली सुटका, मंदिरातला यज्ञपशू, लढाईतला विजय, तुटलेल्या नात्याचा समेट. आरंभीच्या काळातले ग्रीक आचार्य ख्रिस्ताने मृत्यूवर मिळवलेल्या विजयावर भर देत. कँटरबरीच्या अन्सेल्मने सुमारे १०९८ साली देवाच्या मानाचं फेडायचं ऋण असा विचार मांडला. धर्मसुधारकांना न्यायालयाचं चित्र जवळचं वाटलं. सगळ्या मंडळ्यांनी मिळून यातलं एकच खरं असं कधी ठरवलेलं नाही. मलाही ती सगळी लागतात. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी मी विजयाचं चित्र सांगते, आणि अपराधाने खंगलेल्या माणसाला सुटकेचं.

जाता जाता एक. येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो असं मराठी बायबलमध्ये वाचून मुलं दचकतात, कारण बातम्यांत खंडणी गुंड मागतात. जुना अर्थ कैद्याच्या सुटकेसाठी भरायची किंमत इतकाच आहे.

एकाची शिक्षा दुसऱ्याला, हा अन्याय नाही का?

देव एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, आणि मध्येच पकडून आणलेला कोणी तिसरा निरपराध, असं चित्र असेल तर तो अन्यायच आहे. दुर्दैवाने काही प्रवचनांत ते तसंच रंगवतात, रागावलेला बाप आणि मार खाणारा मुलगा. पण शिकवण तशी नाही. पौल लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे ज्याचं येणं होतं, त्यानेच ते अंगावर घेतलं. मोटरसायकल मामाचीच होती आणि आठ हजारही मामानेच भरले. आणि येशूला कोणी ओढून नेलं नाही. आपला जीव कोणी माझ्याकडून घेत नाही, मी होऊन तो देतो, असं तो योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट सांगतो.

चांगली कामं केली, दानधर्म केला, तर पुरेसं नाही का?

चांगली कामं कराच. पण ती देवापुढे हिशेब म्हणून मांडू नका.

लूकच्या अठराव्या अध्यायात दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, सांगतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. तो खोटं बोलत नव्हता, खरंच देत होता. जकातदार, म्हणजे रोमी सत्तेसाठी कर वसूल करणारा, लोकांना नकोसा माणूस, दूर उभा राहतो, वर बघायची त्याची हिंमत होत नाही, आणि छाती बडवत एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. परूशाची चूक उपास करण्यात नव्हती. त्याने देवाला कारकून समजून आपली पावती पुढे केली, आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवून आपली उंची मोजली.

इफिसकरांच्या पत्रात लिहिलं आहे की तारण कृपेने, विश्वासाद्वारे झालं, ते देवाचं दान आहे, कर्मांनी नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये. लोक इथेच थांबतात. पुढच्याच वचनात सत्कर्मं करण्यासाठी आपल्याला घडवलं आहे असं आहे. घरातलं मूल आईला पाणी आणून देतं ते घरात राहायला मिळावं म्हणून देत नाही. ते घरचंच आहे, म्हणून देतं.

मग काहीही करा आणि माफी मागा. मोकळं रानच झालं की!

हा आक्षेप पौलाच्या वेळीही घेतला जायचा, आणि त्याने 'कधीच नाही' असं उत्तर दिलं. मी जक्कयाची गोष्ट सांगते. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला नावाने हाक मारली आणि त्याच्याच घरी मुक्काम करणार म्हणाला. गाव कुरकुरलं. जक्कयाने मात्र उभं राहून सांगितलं की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. 'आज या घराला तारण प्राप्त झालं आहे' हे येशूचं वाक्य त्यानंतरचं आहे. क्रम बघा. आधी हाक, मग घरी येणं, मग चौपट परतफेड. हाक कमाईची नव्हती. पण हाकेनंतर जक्कयाची तिजोरी उघडली नसती तर हाक कानापर्यंतच गेली असं म्हणावं लागलं असतं.

पश्चात्ताप म्हणजे नुसतं रडणं नाही. नव्या करारातला त्यासाठीचा शब्द मन पालटण्याचा आहे, आणि मन पालटलं की पायही वळतात. खोटी सही करून भावाची जमीन लाटली असेल, तर प्रार्थना करा आणि तलाठ्याकडेही जा.

इथे मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईला नवरा मारायचा. तिच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं की त्याने देवाजवळ माफी मागितली आहे, ख्रिस्ताने क्षमा करायला शिकवलं आहे, तू घरी जा. ती गेली, आणि महिन्याभरात तिचा हात मोडला. तारणाच्या शिकवणीचा याहून वाईट वापर मला माहीत नाही. देवाची क्षमा पोलिसांतली तक्रार मागे घेत नाही. मारणाऱ्याचा पश्चात्ताप खरा असेल तर तो स्वतः कायद्यापुढे उभा राहील, आणि बायकोला सुरक्षित अंतरावर राहू देईल. ज्याने जखम केली त्याने जखमी माणसाला 'माफ कर' म्हणून घाई करायची नसते.

आयुष्यभर गुन्हे केले आणि मरताना पश्चात्ताप केला, त्यालाही तेवढंच? मग आम्ही कशाला चर्चला जातो?

येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या एका गुन्हेगाराने 'माझी आठवण ठेव' म्हटलं, आणि येशूने त्याला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं वचन दिलं. त्याला ना बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) घेता आला, ना परतफेड करता आली.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर घेतो, मग नवाला, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असताना. सगळ्यांना एकच दीनार देतो. सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहिलेल्या माणसाच्या घरच्यांना ही गोष्ट वेगळी ऐकू येते. दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, त्या दिवसाची चूल. पाच वाजेपर्यंत जो अड्ड्यावर उभा राहिला तो आळशी नव्हता. 'आम्हाला कोणी कामाला लावलं नाही' असं तोच सांगतो. दिवसभर त्याने उन्हाबरोबर भीतीही सोसली. पहाटे काम मिळालेल्याला निदान रात्रीची भाकरी ठरलेली होती. मी लहानपणापासून देवाच्या मळ्यात आहे, आणि उशिरा आलेल्यांची वर्षं कशी गेली हे ऐकल्यापासून मला त्यांच्या दीनाराचा हेवा वाटेनासा झाला.

विश्वास म्हणजे काय? डोळे झाकून मानायचं?

होडी माणसाला पार नेते हे काठावर उभं राहून मान्य करणं म्हणजे माहिती. होडीत पाय ठेवणं म्हणजे विश्वास. पाय थरथरला तरी चालतो. आजारी मुलाच्या बापाने येशूला म्हटलं होतं की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एकाच श्वासात. मूल बरं झालं.

बाप्तिस्मा घेतला की तारण झालं का?

इथे मंडळ्यांची मतं वेगळी आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. कॅथलिक शिकवणीत बाप्तिस्मा म्हणजे तारणाच्या जीवनाची सुरुवातच. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या मात्र समजून-उमजून विश्वास ठेवलेल्यालाच बाप्तिस्मा देतात, झालेल्या गोष्टीची साक्ष म्हणून. तारण विश्वासाने की कर्मांनी यावर १५१७ नंतर, म्हणजे मार्टिन ल्युथरच्या धर्मसुधारणेपासून, युरोपभर भांडण झालं, युद्धंही झाली. बऱ्याच जणांना माहीत नसतं की ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक मंडळी आणि ल्युथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देव आपल्याला कृपेनेच स्वीकारतो, आपल्या पुण्याईमुळे नाही, आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्मांसाठी उभं करते. पुढे मेथडिस्ट आणि इतरही त्यात आले. वसईच्या कॅथलिक आजीबाई आणि नगरच्या प्रॉटेस्टंट आजीबाई यांच्यात आज मुळाशी वाटतं तेवढं अंतर नाही.

बाप्तिस्मा आणि तारण यांच्या नात्याचं मला सगळ्यांत प्रामाणिक उदाहरण पंडिता रमाबाईंचं वाटतं. १८५८ साली जन्मलेली, संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेली ही बाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे तिने लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण नंतर स्वतःची साक्ष लिहिताना तिने कबूल केलं की तेव्हा तिला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. बुद्धीला पटलं होतं, मनावरचं ओझं जागेवर होतं. काही वर्षांनी तिला उमगलं की ख्रिस्त आत्ता, अशा अवस्थेतच आपल्याला स्वीकारतो, आणि तेव्हा ओझं उतरलं. ज्या बाईने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुलींना पोटाशी धरलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तिने हे लपवलं नाही. बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून मन रिकामं राहिलेल्या कितीतरी जणांना तिच्या या कबुलीने धीर दिला आहे. मीही त्यांतलीच एक.

मोक्ष आणि तारण एकच का?

शेजारचे गुरुजी आणि मी यावर खूप बोललो आहोत. मोक्षाच्याही अनेक वाटा आणि अनेक अर्थ आहेत, त्यामुळे एका वाक्यात तुलना करणं बरोबर नाही. ढोबळमानाने, मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका असते. तारणात पापाने तुटलेलं देवाशी नातं परत जुळतं, माणूस माणूसच राहतो आणि त्याचं शरीरही एक दिवस पुन्हा उठणार अशी आशा असते. कर्माचं फळ ज्याचं त्याने भोगायचं हा विचार आणि दुसऱ्याने आपलं ऋण फेडलं हा विचार, यांत खरा फरक आहे. पण भक्तीच्या वाटेवर देवाला पतितपावन म्हणून हाक मारणारी माणसं कृपेची भाषा आमच्याइतकीच जाणतात.

मराठीत ही देवाणघेवाण जुनी आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. तारणाची सगळी कथा त्यांनी दहा हजारांहून जास्त ओव्यांत सांगितली, आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. त्यांची भजनं आमच्या मंडळीत आजही पेटी-तबल्यावर म्हणतात.

तारण झाल्यावर परत पाप घडलं तर? सगळं वाया?

नाही. 'आम्ही आपली पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय आहे, क्षमा करील' असं योहान मंडळीतल्याच लोकांना लिहितो आहे. चालायला शिकणारं मूल पडलं म्हणून त्याचं आडनाव बदलत नाही. एकदा मिळालेलं तारण कायमचं गमावता येतं का, यावर मात्र कॅल्विन आणि वेस्ली या प्रॉटेस्टंट आचार्यांच्या परंपरांचं एकमत नाही. पडलेल्या माणसाला मी या वादात पाडत नाही. 'ऊठ, बाप वाट बघतोय' एवढंच म्हणते.

मी दुसऱ्याला माफ करू शकत नाही. माझं तारण अडेल का?

येशूने याचा हिशेबच मांडला आहे. एका चाकराचं राजाला दहा हजार तालांत देणं होतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, म्हणजे एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. राजाने ते सोडलं. बाहेर पडताच त्या चाकराने शंभर दीनारांसाठी सोबत्याची मानगूट धरली. शंभर दीनारही थोडे नाहीत, तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी. तुमचं दुखणं खोटं आहे असं येशू म्हणत नाही. पण ज्याची दोन लाख वर्षं सुटली त्याची मूठ सैल व्हायला हवी. एका दिवसात होत नाही. आमच्या मंडळीतल्या एका आजींना सावत्र भावाचं नाव प्रार्थनेत घ्यायला अकरा वर्षं लागली. देवाने अकरा वर्षं वाट बघितली.

ज्यांनी येशूचं नावही ऐकलं नाही त्यांचं काय? माझे आजोबा तर ऐकण्याआधीच गेले.

हे विचारणाऱ्याचा आवाज नेहमी हळू असतो. काही ख्रिस्ती ठामपणे सांगतात की विश्वासाशिवाय तारण नाही. कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, असं म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मी एवढंच म्हणते की न्याय करणारा मी नाही, आणि जो आहे त्याने त्यांच्यासाठीही हात पसरले होते. अब्राहामाने देवालाच विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? तुमच्या आजोबांना मी त्या प्रश्नाच्या भरवशावर सोपवते.

तारण पाहिजे असेल तर धर्म, नाव, कपडे सगळं बदलावं लागतं का? पैसे मिळतात असंही ऐकलंय.

ज्याने पैसे, नोकरी किंवा औषधाच्या बदल्यात हे विकायला आणलं, त्याच्यापासून दूर राहा. जे दान आहे त्याला किंमत लावणं हेच त्याच्या विरुद्ध आहे. टिळक नारायण वामनच राहिले, रमाबाई रमाबाईच. त्या जन्मभर साडी नेसल्या आणि शाकाहारी राहिल्या.

सुरुवात कुठून करू?

लूकचं शुभवर्तमान घ्या आणि पंधरावा अध्याय उघडा. त्यात हरवलेलं मेंढरू आहे, हरवलेलं नाणं आहे आणि घर सोडून गेलेला धाकटा मुलगा आहे. तो मुलगा परत येताना वाटेत एक भाषण पाठ करत येतो: बाबा, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजूर म्हणून ठेवा. तो अजून दूर असतानाच बाप त्याला बघतो आणि धावतो. त्या काळी घरंदाज म्हातारा माणूस चारचौघांत धावत नसे. मुलगा भाषण सुरू करतो, पण मजुराच्या वाक्यापर्यंत पोहोचायच्या आत बापाने चाकरांना झगा आणायला पाठवलेलंही असतं.

हा अध्याय मोठ्याने वाचा. मग जकातदाराची ती एका ओळीची प्रार्थना, तुमच्या रोजच्या बोलीत, जमेल तशी म्हणा.